गजभियेंचा व्हॉल्व्ह

विक्रम गजभिये यांनी तो व्हॉल्व्ह पुसायला घेतला तो निव्वळ प्रेमापोटी, ही गोष्ट पुढे कुणीच लक्षात घेतली नाही.

गजभिये पाटबंधारे खात्यात कार्यालयीन अधीक्षक. गॅस बंद केलाय का ते बघायला अर्ध्या जिन्यातून परत येणारी माणसं आपण पाहतो. गजभिये स्वतः गॅस बंद करून निघत आणि कोपऱ्यावरून फोन करून बायकोला, दीपालीला, पुन्हा बघायला लावत. खडकवासला भरलं की पुराची काळजी, नाही भरलं की पाणीकपातीची काळजी, आणि अगदी बेतानं भरलं तर एवढं बेतानं कसं काय भरलं, याची काळजी. अशा माणसाच्या पोटी उत्कर्षासारखी मुलगी जन्माला आली, ती इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला गेली, आणि तिथे तिनं आणखी तीन मुलींना जमवून हेवी रॉक वाजवायला घेतलं.

शिकवण्या करून साठवलेल्या पैशांतून तिनं एक अ‍ॅम्प्लिफायर आणला. जुना, विलायती, दोन-तीन मालकांच्या हातून फिरलेला आणि व्हॉल्व्हवर चालणारा. विश्रांतवाडीच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये, हॉलमध्ये, बुद्धमूर्तीचं शोकेस आणि चपलांचं कपाट यांच्यामध्ये तो बसवला गेला. तिनं पहिल्यांदा त्याच्यातून गिटार वाजवली तेव्हा गजभिये दाढी करत होते. गालाला साबण तसाच, बाहेर येऊन त्यांनी अत्यंत प्रामाणिकपणे विचारलं, "खाली बोअर मारतायत का?"

या एका वाक्यावर बाप-लेकीतला गिटार हा विषय संपला. बोलणं चालू होतं. फीबद्दल, दुधाबद्दल, स्कूटरच्या पीयूसीबद्दल सगळं बोलणं होई. पण बाप हॉलमध्ये आला की मुलगी वाजवायची थांबे. तिचं थांबणं अत्यंत सभ्य असे, आणि तेच गजभियेंना खुपे.

आणि मग आंतरमहाविद्यालयीन रॉक स्पर्धेच्या अंतिम फेरीत तिच्या बँडची निवड झाली. अंतिम फेरीआधी ती कॉलेजबरोबर कंपन्या बघायला हैदराबादला गेली. गजभियेंना वाटलं, ती परत यायच्या आत आपण काहीतरी करावं. आता, गजभियेंना माफी मागता येत नसे. त्यांना पुसता येत असे. त्यांच्या घरातले पंखे चकचकीत दिसले की नवरा-बायकोत काहीतरी वाजलं होतं हे शेजारी ओळखत. तेव्हा त्यांनी फडकं घेतलं आणि अ‍ॅम्प्लिफायर भिंतीपासून पुढे ओढला.

मागची जाळी कुठल्यातरी आधीच्या मालकानं हरवलेली होती. आत बोटभर उंचीच्या काही बारक्या काचेच्या नळ्या आणि दोन चांगल्या ढेरपोट्या बाटल्या. त्या दोन मोठ्या बाटल्यांच्या डोक्यावर चंदेरी-काळा डाग! काजळी, गजभिये मनाशी म्हणाले. त्यांनी आधी ओलं फडकं फिरवलं, मग काच पुसायचं निळं पाणी मारलं, मग भांडी घासायची पावडर आणली. डाग ढिम्म. आतून लागलेला डाग बाहेरून घासून जात नाही, हे खात्यात पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला खरं म्हणजे कळायला हवं होतं. पण त्यांनी एक बाटली उपटून हातात घेतली आणि चांगली आवळून पिळली. 'टिच्' असा आवाज झाला. मग कुणीतरी दातांतून श्वास घ्यावा तसा अगदी बारीक 'फिस्स'.

आणि डाग बघता बघता दुधासारखा पांढरा झाला!

गजभिये इतके खूश झाले की त्यांनी दीपालीला हाक मारून दाखवलं. तेवढ्यात टाकी धुण्याच्या नोटिशीवर सही घ्यायला सोसायटीचे चेअरमन रंगराव आले. रंगराव टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, आणि जिथे तार दिसेल तिथे मान घालणारे. त्यांनी बाटली उजेडात धरली.

"गेला," ते म्हणाले.

"डाग ना?"

"व्हॉल्व्ह. अहो, याच्या आत निर्वात पोकळी असते. तो डाग नव्हता. चुकून हवा आत शिरली तर ती गिळायला लावलेला मुलामा होता तो. तो पांढरा पडला म्हणजे काच तडकली. तुम्ही साफ नाही केलात गजभिये साहेब, सपाट केलात."

गजभिये मटकन चपलांच्या कपाटावर बसले. "दुसरा मिळेल?"

"एक बदलून भागत नाही. दोन्ही बदलावे लागतात, आणि एकमेकांशी जुळलेली जोडी लागते."

आता आली का पंचाईत! गजभियेंनी स्वतःच्या लग्नात पत्रिका बघितली नव्हती, मुलीच्या लग्नात बघणार नव्हते, आणि काचेच्या बाटल्यांचे गुण जुळवायची वेळ त्यांच्यावर आली.

"सांगून टाका तिला," दीपाली म्हणाली. दीपाली बँकेत होती आणि चूक झाली की त्याच दिवशी नोंदवावी अशा मताची होती.

"स्पर्धा झाल्यावर सांगतो," गजभिये म्हणाले. "आणि रंगराव, हे कुणाला बोलू नका."

"छे छे," रंगराव म्हणाले, आणि जिना उतरता उतरता त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं: 'गजभिये साहेबांचा व्हॉल्व्ह गेला आहे. तातडीने बदलणे आवश्यक. कुणाच्या ओळखीत असल्यास कळवावे.'

पहिल्यांदा प्लंबरचे नंबर आले. कुणी कुकरच्या दुकानाचा पत्ता दिला. मग बी विंगमधल्या नंदाताईंनी लिहिलं, 'अरेरे! या वयात?' आणि तिथून पुढे ग्रुपला कुणी आवरू शकलं नाही. संध्याकाळपर्यंत गजभियेंच्या दारात शहाळी आली. एक गृहस्थ हृदयाच्या डॉक्टरांचं कार्ड आणि स्वतःच्या छातीवरचा टाका, दोन्ही दाखवून गेले. नंदाताई दुधी भोपळ्याच्या रसाचा तांब्याच घेऊन आल्या आणि समोर बसल्या. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, म्हणून गजभियेंनी तो रस शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. पुढे तो रोजच येऊ लागला.

दुसऱ्या दिवशी हैदराबादहून फोन.

"बाबा, तुम्हाला काय झालंय? पूर्वाला कुणीतरी सांगितलं, तुमचा व्हॉल्व्ह..." उत्कर्षाचा आवाज रडवेला होता. पूर्वा म्हणजे तिच्या बँडमधली बेस वाजवणारी मुलगी, पलीकडच्याच गल्लीत राहणारी.

गजभियेंच्या पुढे दोन रस्ते होते. त्यांनी तिसरा धरला.

"अगं, किरकोळ आहे. एक गेलाय. पण दोन्ही बदलावे लागतील म्हणाले."

"दोन्ही?"

"जोडीनंच बदलतात. हल्ली मिळतात. बाहेरच्या देशातून येतात."

"ऑपरेशन आहे?"

"छे! नुसता उपटायचा आणि दुसरा बसवायचा."

पलीकडून हुंदका आला. दीपालीनं फोन ओढून घेतला, "काही नाही गं, गॅस झाला होता त्यांना, लोक काहीही बोलतात," असं सांगितलं आणि फोन ठेवून नवऱ्याकडे पाहिलं.

"तुम्ही चक्क खोटं बोललात."

"एक शब्द खोटा नव्हता," गजभिये म्हणाले. आणि खरोखरच नव्हता. म्हणूनच त्यांना जास्त भीती वाटली.

शनिवारी ते बुधवार पेठेत गेले. इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानाची सगळी दुकानं तिथे एका ओळीत आहेत. पहिल्या दुकानात त्यांनी विचारलं, "ट्यूब आहे का?"

"कसली? सायकलची पलीकडे, भिंतीवरची समोर."

"अ‍ॅम्प्लिफायरची. काचेची. आत दिवा लागतो ती."

दुकानदारानं वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं नाही. "आमच्याकडे या शतकातला माल मिळतो."

तेव्हा त्यांनी ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत संगणकावर शोध सुरू केला, आणि एक भलतंच जग त्यांच्यापुढे उघडलं. तडकलेल्या व्हॉल्व्हच्या बुडावर 'ईएल ३४' असं छापलेलं होतं. त्या ईएल चौतीसवर जगभरातले बाप्ये एकमेकांच्या आया-बहिणी काढत होते. का, तर सिक्स एल सिक्स नावाचा दुसरा एक व्हॉल्व्ह होता, आणि माणसं या दोन पक्षांत विभागलेली होती. गजभियेंना आजवर वाटत असे की गिटारचा तो फाटका आवाज म्हणजे मशीनचा बिघाड. इथे कळलं की तो फाटावा म्हणूनच मशीन घ्यायचं असतं! व्हॉल्व्हला त्याच्या ताकदीपलीकडे रेटायचं, तो फाटतो, आणि त्या फाटण्यालाच हेवी रॉक म्हणतात. मात्र प्रत्येकाचं फाटणं वेगळं. ईएल चौतीस हा लवकर चिडणारा. त्याचा मधला आवाज पुढे येतो, ओरडतो, त्याला खरखरीत धार असते. सिक्स एल सिक्स बराच वेळ ऐकून घेतो, वर स्वच्छ, खाली खोल राहतो, आणि मग एकदम टेबल उलटतो. हे वाचून गजभियेंना आधी स्वतःची आठवण झाली आणि नंतर दीपालीची.

त्यांनी ईएल चौतीसची जुळलेली जोडी परदेशातून मागवली. ती विमानानं आली आणि कुरिअर कंपनीच्या कचेरीत अडकली. गजभिये तिथे गेले. काउंटरवरच्या बाईंना वस्तूचं वर्णन हवं होतं.

"निर्वात नळी," गजभियेंनी सांगितलं.

"आत काय आहे?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"हवासुद्धा नाही. हवा असली तर बिघडते."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुम्ही परदेशातून काहीच मागवलेलं नाही, आणि ते फुटेल म्हणून विमा उतरवलाय?"

"काच आहे ना त्याला."

"साहेब, पाकीट रिकामं आलं तर आम्ही तक्रार घेतो. रिकामंच मागवलं असेल तर काय करायचं, हे सिस्टिममध्ये नाहीये. वरून विचारून घेते."

वरून उत्तर यायला किती दिवस लागतात, हे सरकारी माणसाला कुणी सांगावं लागत नाही. उत्कर्षा परतायला आता थोडाच अवकाश होता. गजभियेंची झोप गेली आणि वजन उतरलं. त्यामुळे सोसायटीची खात्रीच पटली. ऑफिसात साहेबांनी त्यांना खुर्ची दिली आणि हळू आवाजात विचारलं, "सेकंड ओपिनियन घेतलंत का?"

सेकंड ओपिनियन रंगरावांनीच आणून दिलं. बिबवेवाडीत संभाजीराव आगलावे म्हणून रेडिओ दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे जुना माल असतो.

"नाव ऐकलंत का नीट?" दीपालीनं विचारलं.

नाव ऐकूनही गजभिये गेले. आख्खं पुणे ओलांडून, अ‍ॅम्प्लिफायर रिक्षात मांडीवर घेऊन, दर खड्ड्याला "अहो, जरा!" म्हणत. आगलाव्यांच्या अंगात रेशमी कुडता होता आणि बोलणं सभेला केल्यासारखं.

"ईएल चौतीस? नाही. पण हा घ्या, सिक्स एल सिक्स. मिलिटरीचा माल. असा व्हॉल्व्ह लावून माणसं लढाया जिंकली आहेत. त्याला आठ पाय, याला आठ पाय. बसला, बघा. जावई कुठल्याही गावचा असो, पाट तोच."

"पण बायस बदलावा लागतो असं वाचलं मी."

वाचलेलं खरं होतं. व्हॉल्व्ह नुसता बसलेला असताना त्यातून किती वीज वाहू द्यायची, याला एक लगाम असतो, त्याला बायस म्हणतात. एका जातीच्या व्हॉल्व्हचा लगाम दुसऱ्याला सैल पडतो, आणि मग तो उधळतो.

आगलावे हसले. "हे सगळं परदेशात. तिथे थंडी असते." आणि त्यांनी पाठीवर थाप मारली. गजभियेंना थाप कळली, पण कुठली ते कळलं नाही.

उत्कर्षा आली. आल्या आल्या तिनं बापाच्या पायाशी बसून विचारलं, "खरं सांगा, दम लागतो का?" गजभियेंना खरोखरच दम लागलेला होता. तिनं गिटार जोडली, अ‍ॅम्प्लिफायर लावला. गजभिये स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभे राहिले. एक तार वाजली. शांतता. पुन्हा तीच तार. पुन्हा शांतता. नक्कीच ओळखलं, ते मनाशी म्हणाले, आणि त्यांनी नळ सोडून तोंडावर पाणी मारलं.

"बाबा, जरा इकडे या ना."

ते गेले. फाशीला जाणारा माणूस निदान एकदाच जातो.

"बसा. ऐका." आणि मुलगी बापापुढे वाजवू लागली! खालची जाड तार जमिनीखालून आल्यासारखी पोटात लागली. तिच्या वरती सूर काचेसारखे स्वच्छ उभे राहिले. फाटलं ते शेवटी, पण फाटलं तेव्हा शोकेसच्या काचा थरथरल्या. ती एकदम थांबली आणि तिनं विचारलं, "त्रास नाही ना होत तुम्हाला?"

"नाही," गजभिये म्हणाले. "मधला ओरडा कमी झालाय. खाली भरलंय."

उत्कर्षानं गिटारवरचा हात काढला. बोअर मारतायत का म्हणणारा माणूस हा! "तुम्हाला कळलं?"

"सहज म्हटलं," गजभिये घाईनं म्हणाले.

त्यानंतर ती रोज त्यांना बोलावू लागली. त्यांच्या तब्येतीसाठी थोडा वेळच वाजवायची, पण एकेक जागा दोनदा दाखवायची. एवढं सुख गजभियेंना मुलीनं कधी दिलं नव्हतं, आणि त्यातला एक क्षणही त्यांना धड उपभोगता आला नाही. कारण तिचे डोळे बंद असताना त्यांचे डोळे अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे लागलेले असत. बाटलीच्या पोटात नारिंगी दिवा दिसला तर ठीक. पण भोवतालचा करडा पत्राच जर लाल व्हायला लागला, तर समजावं की घोडा उधळला. मग व्हॉल्व्ह जातो आणि जाता जाता ट्रान्सफॉर्मरही नेतो. हे सगळं त्यांनी वाचलं होतं. सांगावं म्हणून ते रोज तोंड उघडत, आणि ती म्हणे, "आवाज एकदाचा जमला बाबा!" आणि ते तोंड मिटत. त्यांनी आगलाव्यांना फोन करून विचारलं, "पत्रा लाल झाला तर?" आगलावे म्हणाले, "लाल म्हणजे जिवंत आहे."

स्पर्धेच्या सकाळी मुली अ‍ॅम्प्लिफायर टेम्पोत घालून निघून गेल्या. आणि त्यांची पाठ वळते न वळते तोच दारात कुरिअर. वरून उत्तर आलं होतं. 'काचेच्या शोभेच्या वस्तू' या सदरात गजभियेंचे दोन ईएल चौतीस भारतात दाखल झाले होते.

कॉलेजचं सभागृह गच्च भरलं होतं. दीपाली प्रेक्षकांत बसली. गजभिये खोका छातीशी धरून रंगमंचाच्या बाजूला शिरले.

"काका, पेरेंट्स तिकडे," गळ्यात बिल्ला घातलेल्या एका मुलीनं अडवलं.

"मी अ‍ॅम्प्लिफायरबरोबर आहे," गजभिये म्हणाले. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून तिनं वाद घातला नाही.

पण तोवर पडदा वर गेला होता. गजभियेंना विंगेतून अ‍ॅम्प्लिफायरची उघडी पाठ स्वच्छ दिसत होती. समोरून मुलगी कशी दिसते हे हजार माणसं बघत होती. बाप मागून दोन बाटल्या बघत होता. आवाजाचं बटण आज दोनावर नव्हतं, सातावर होतं. पहिलं गाणं झालं. दुसरं झालं. घरी एवढा वेळ तो सलग कधीच चालला नव्हता. तिसऱ्याच्या मध्यावर डाव्या बाटलीच्या पत्र्यावर जांभळासारखा एक ठिपका उमटला. गजभियेंनी चष्मा पुसला. ठिपका डाळिंबी झाला. मग तो पसरायला लागला.

आयुष्यात रांग न मोडलेले विक्रम गजभिये तेव्हा धावले. वायरीत पाय अडकून गुडघ्यांवर आपटले, तसेच सरपटत अ‍ॅम्प्लिफायरपाशी पोचले आणि त्यांनी खटका ओढला. गिटार तुटल्यासारखी बंद झाली. उत्कर्षानं मागे वळून पाहिलं. बाप रंगमंचावर गुडघे टेकून, घामानं डबडबलेला, एक हात छातीशी.

"बाबा! छातीत दुखतंय का?" ती ओरडली. तिच्या तोंडापुढे माइक होता. सभागृहभर घुमलं.

"छाती ठीक आहे!" गजभियेही ओरडले, आणि तेही माइकमध्ये गेलं. "व्हॉल्व्ह लाल झालाय!"

निवेदकानं विंगेतून विचारलं, "कुणी डॉक्टर आहे का?" तीन जण उभे राहिले. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "पेशंट स्वतःच ऑपरेशन करतोय, बसा खाली."

गजभियेंनी छातीशी धरलेला खोका फोडला. हातरुमाल गुंडाळून पहिली तापलेली बाटली उपटली. रुमालाची घडी सरकली, बोटं चरचरली. दुसरी उपटली. नवे बसवताना खाच खाचेला मिळाली पाहिजे, हे त्यांनी इतक्यांदा वाचलं होतं की हात चुकले नाहीत. उत्कर्षा त्यांच्याकडे पाहत उभी होती. तिची ट्यूब पेटली होती. अ‍ॅम्प्लिफायरची अजून पेटायची होती. पूर्वानं बेसवर तोच ठेका चालू ठेवला, ड्रम वाजवणाऱ्या मुलीनं साथ सोडली नाही, आणि लोक टाळ्यांनी ताल धरू लागले. नवे व्हॉल्व्ह तापेपर्यंत गजभियेंना तिथेच बसून राहावं लागलं, लोकांकडे तोंड करून, पँट गुडघ्यावर फाटलेली. नंदाताई तिसऱ्या रांगेत होत्या. त्यांनी हात हलवला.

मग त्यांनी खटका टाकला आणि मुलीकडे मान हलवली.

आवाज आला. मधल्या सुरांत ओरडणारा, खरखरीत, चिडका. बिचाऱ्या आगलाव्यांनी लगामाला हातच लावला नव्हता, त्यामुळे जुन्या जातीच्या व्हॉल्व्हना तो चपखल बसला. पत्रा करडाच राहिला. उत्कर्षा पहिल्या सुराला दचकली, एक सूर चुकली, आणि मग दात आवळून वाजवू लागली.

बक्षीस मिळालं ते उत्तेजनार्थ. परीक्षकांपैकी एकानं बोलताना 'सादरीकरणातील नाट्याचा' खास उल्लेख केला.

सभागृहाबाहेर उसाच्या रसाची गाडी होती. मुली सामान टेम्पोत चढवत होत्या, दीपाली त्यांच्याशी बोलत होती. उत्कर्षानं दोन ग्लास घेतले, एक बापाला दिला, आणि शेजारच्या कठड्यावर बसली. तिनं कधी, कसं, कुठे असं सगळं विचारलं. गजभियेंनी सगळं सांगितलं. काजळी, शहाळी, निर्वात नळी, बिबवेवाडी.

"म्हणजे हृदयाला काही झालेलं नाही?"

"नाही."

"मी हैदराबादला तीन रात्री रडले, बाबा."

गजभियेंनी ग्लास या हातातून त्या हातात घेतला.

"आणि तो आवाज," ती म्हणाली, "मला वाटलं, माझा हात सुधारला. तिथे हॉटेलवर रोज बोटांचा व्यायाम करत होते मी. आल्यावर पहिलीच तार अशी वाजली, मला वाटलं, झालं काहीतरी." ती ग्लासात बघत होती. "व्हॉल्व्ह होता होय तो."

"हातही सुधारला असेल."

"खोटं बोलू नका आता."

गजभियेंनी विचार केला. खात्यात एखाद्या फाइलवर शेरा मारण्यापूर्वी करत तसा. "मला सांगता यायचं नाही," ते म्हणाले. "आधीचं मी कधी नीट ऐकलंच नव्हतं. तुलना कशाशी करू?"

रसवाल्याचे घुंगरू वाजत राहिले. ती म्हणाली, "आजचं तर ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"मग?"

"तिसऱ्या गाण्यात, मी आल्यावर, तू एक सूर चुकलीस. ते माझ्यामुळे. पण शेवटी शेवटी फार घाई केलीस. ते माझ्यामुळे नव्हतं."

उत्कर्षानं मान वळवून त्यांच्याकडे नीट पाहिलं. तेव्हा तिला दिसलं की ते रस पीत नव्हते. भाजलेली चार बोटं गार ग्लासाला नुसती लावून बसले होते. ग्लासातला बर्फ केव्हाच विरघळला होता.

तिनं तो ग्लास काढून घेतला, आपला भरलेला, बर्फाचा, त्यांच्या हातात दिला आणि गाडीवाल्याला म्हणाली, "दादा, अजून एक. आणि यांच्यासाठी नुसता बर्फ."